जुनी खडी
लोर्ना वारली, तिचे मासे राहिले. वॉरनशी लग्न करताना मी एवढंच म्हटलं, “टाकी नवी, वाळू पांढरी. पहिल्या बायकोचा एकही खडा नको.” त्याने मान डोलावली. लेक सुपीरियर या सरोवराच्या काठचं लाकूड तपकिरी रंग सुटेनासा होईपर्यंत उकळलं, वाळूत बसवलं. सकाळी बघते तर लाकडाशेजारी नायलॉनचा पायमोजा, जुन्या काळ्या खडीने गच्च भरलेला. टाच, बोटं, सगळं उमटलेलं. “हे काय?” “थोडी जुनी खडी ठेवावीच लागते. तिच्यातल्या जंतूंशिवाय नव्या पाण्यात मासे मरतात. महिन्याने काढतो.” “मोजा कुणाचा?” “घरात होता.” “मी असले मोजे घालत नाही, वॉरन.” त्याने टाकीचं झाकण लावलं. महिन्याने मोजा निघाला. वाळूत पावलाचा ठसा राहिला. मी हाताने पुसला. आजही दिवा लावला की सगळे मासे तिथेच जमतात, कुणाच्या तरी पायाशी, तोंडं वर करून.