आईला सांगायचं कसं

"तंबूत राहायला मी काय सर्कशीतली आहे?" गाडीतून उतरता उतरता आईने पुन्हा विचारलं.

"तंबू नाही गं, यर्ट! आत पलंग आहे, गालिचा आहे, लाकडाची शेगडी आहे. बघ तर खरं."

चिमणी हे लेकीचं घरातलं नाव. वय चौतीस, काम दवाखान्यात लोकांचे डोळे तपासण्याचं. या कॅम्पचं पत्रक तिला घरी जेवणाच्या टेबलावर पडलेलं दिसलं आणि तिने ठरवलं, बातमी सांगायची तर अशाच जागी. दूरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिला नोकरी मिळाली होती. पंधरवड्यात हजर व्हायचं होतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरात दोघीच. महिन्यातून एकदा मैत्रिणींबरोबरची सहल, एवढाच काय तो आईचा विरंगुळा. ती एकटी कशी राहील, या विचाराने चिमणीला घास गोड लागत नव्हता.

यर्ट मात्र झकास निघालं. गोल घर, लाकडी जाळीच्या भिंती, वरून लोकरीचं जाडजूड आवरण. छताच्या मधोमध गोल खिडकी, तिच्यातून झाडांचे शेंडे डोकावत होते. चिमणीने पलंगावर अंग टाकलं आणि लहान मुलीसारखी हसली.

आईने मात्र लगेच सूत्रं हाती घेतली. कॅम्पचा मालक, पांढऱ्या दाढीचा उंच माणूस, लाकडं घेऊन आला तसा तोफखाना सुरू झाला.

"ही ओली आहेत, धूर होईल. आणि पांघरुणांना ऊन दाखवलंय का?"

"दाखवतो."

"दाखवतो नाही. आत्ता."

मालक मुकाट्याने पांघरुणं घेऊन बाहेर गेला. चिमणी ओशाळून त्याच्यामागे धावली.

"आईचं मनावर घेऊ नका हं. मुख्याध्यापिका होती ती."

"छे हो," दोरीवर पांघरूण टाकत तो म्हणाला, "अशा माणसांमुळेच जागा नीट राहते."

दिवस कसा गेला कळलंच नाही. ओढ्याच्या गार पाण्याला आईने आधी नावं ठेवली, मग बाहेर यायलाच तयार होईना. दुपारी मालक चहा घेऊन आला, आईचा बिनसाखरेचा, आणि पत्त्यांचा डाव रंगला. आईने राजरोस लबाडी केली. मालक सात डाव हरला. आई पोट धरधरून हसत होती. तिला असं हसताना चिमणीने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आता हिला सांगायचं कुठल्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी सकाळी यर्टच्या पायरीवर बसून तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पण तू नको म्हणालीस तर नाही जाणार मी. तुला एकटीला टाकून..."

 आईने चिमणीचे दोन्ही गाल हातात धरले.

"अगं वेडे, महिनाभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. तुला एकटीला टाकून जायचं कसं म्हणून!"

"जायचं? तू? कुठे?"

 आईने मान वळवून ओढ्याकाठी लाकडं फोडणाऱ्या मालकाला खणखणीत हाक मारली, "अहो, या इकडे! आणि येताना आपल्या लग्नाचा दाखला आणा, चिमणीला खोटं वाटेल!"