कोपराची खूण

छातीच्या डॉक्टरांनी गाणं बंद सांगितलं, तर थोरलीनं डॉक्टरच बंद केले आणि धाकटीला घेऊन चर्चमधल्या मैफलीत गायकांच्या रांगेत उभी राहिली. तीनशे वर्षांपूर्वीची प्रार्थना, शेवटचं ‘आमेन’ भलतंच लांब. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर सूर तुटतो, म्हणून दोघींची खूण ठरलेली.

“मी कोपर मारलं की दम घेणार, तू सूर धरायचास. परत मारेन तेव्हा तू घे. मधेच सोडलास तर घरी चल, बघते.”

“ताई, तू आधी नीट उभी राहा.”

‘आमेन’ला कोपर लागलं. धाकटीनं सूर धरला. थोरली खाली बसली ती बसलीच. माणसं धावली, व्हायोलिनं थांबली, ऑर्गन थांबला, कंडक्टरनं हात खाली घेतला.

धाकटी गातच होती. दुसरं कोपर अजून लागलं नव्हतं.