रोज एक पान

“क… का… काव… कावळा,” बाबा म्हणाले आणि दमून थांबले.

“छान, काका. पुढचं?” वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी पुढच्या शब्दाखाली बोट ठेवलं.

लेक शेजारच्या खुर्चीत बसली होती. सकाळी सहापासून प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढून काढून तिच्या पायांचे तुकडे पडले होते. डोळे मिटले तर इथेच झोप लागेल, म्हणून ती भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत राहिली. पलीकडे आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. गुडघ्यांमुळे आई या दवाखान्यात कधी आली नव्हती. आज वर्ष झालं, पुढचं काय ते आज ठरणार, म्हणून हट्टानं आली होती.

वर्षापूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. बोलणं हळूहळू परतलं. तुटक का होईना, चहात साखर कमी आहे एवढं ते बरोबर सांगू लागले. वाचणं मात्र परतेना.

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं होतं, “आधी वाचायचे का?”

“वाचायचे म्हणजे काय!” लेक म्हणाली होती. “रोज सकाळी पेपर. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. त्याशिवाय करवतीला हात लावत नसत.” बाबा सुतार होते.

मॅडमनी ते लिहून घेतलं आणि औषध सांगावं तसं सांगितलं, रोज एक पान, मोठ्यानं. एक दिवसही खंड नको.

खंड पडला नाही. लेक कामावरून सुटली की आधी माहेरी यायची, हात धुवायची आणि बाबांच्या शेजारी बसायची. अंगात ताप होता तेव्हा बसली. नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं त्या दिवशीही बसली. सुरुवातीला एका ओळीला अर्धा तास लागे.

“बये, दमलीस?” बाबा विचारत.

“नाही हो. तुम्ही?”

“मी… पण… नाही.”

दोघंही खोटं बोलत. आई आतून म्हणायची, “जन्मभर लाकडाला वठणीवर आणलं, आता चार अक्षरं यांचा घाम काढतायत.” बाबा फुरंगटून पान उलटायचे आणि मग परत मागे यायचे, कारण आधीचं पान संपलेलं नसायचं.

गेल्या महिन्यात तर लेक वाचता वाचता बसल्या जागी झोपली. जाग आली तेव्हा बाबा त्याच शब्दावर बोट ठेवून गप्प बसले होते. तिची झोप मोडू नये म्हणून. तिला भरून आलं, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी जाताना तिनं देवाला हात जोडले ते एवढंच मागायला, की आता सोडव. यांना तरी नाहीतर मला तरी.

मॅडमनी पुस्तक मिटलं.

“स्पष्टच बोलते. ज्याला वाचता येत होतं, त्याला ओळखीचे शब्द बघताक्षणी आठवतात. तो अडतो तो अधेमधे. काका तसे वाचत नाहीत. पहिलीतल्या मुलासारखं अक्षराला अक्षर जोडतात. वर्षभर रोज वाचून एवढंच होत असेल, तर गेलेलं परत येईल असं मला वाटत नाही. तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाहीत. आता स्वतःला सोडवा.”

लेकीच्या खांद्यावरून गोणी उतरल्यासारखं झालं. पाठोपाठ त्याचीच लाज वाटली. “मग उद्यापासून…”

“बंद केलंत तरी चालेल. फाइलवर तसं लिहिते.”

बाबांना सगळं कळत होतं. त्यांनी डावा हात लांबवून पुस्तक आपल्यापुढे ओढलं. अंगठ्यानं पान उघडलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ऐकतही नव्हतं. मॅडम लिहीत होत्या, लेक पिशवी शोधत होती.

“न… दी… वर,” बाबा म्हणाले. “नदीवर… पू… पूल… आहे.”

आईच्या हातातला पदर सुटला.

“बाई, लिहू नका,” ती म्हणाली.

बाबांनी झटकन वर बघितलं आणि जोरात मान हलवली. नको. लेकीनं बापाच्या डोळ्यांत एवढी भीती झटका आला तेव्हाही पाहिली नव्हती.

“आई, अगं, मॅडम सांगतायत ना? गेलेलं परत येत नाही म्हणून?”

“यांनी मला शपथ घातली होती,” आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “लग्नाला आठ दिवस झाले होते तेव्हा. पोरंबाळं होतील, त्यांना कधी कळू द्यायचं नाही म्हणून. चाळीस वर्षं पाळली. आज मोडते, देव मला काय शिक्षा द्यायची ती देईल.” तिनं बाबांच्या डाव्या हातावर हात ठेवला. बाबांचं बोट अजून त्याच ओळीखाली होतं.

“गेलेलं कुठलं, बाई? यांना उभ्या जन्मात एक अक्षर येत नव्हतं. हे सगळं या एका वर्षातलं आहे.”