इंजिनाची ओटी

इंजिनाचं हेड बसवायच्या आधी चिमाजीनं हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. जेवायला बसताना तो एवढे धूत नसे.

किकवीतल्या त्याच्या गोठ्यात दोन वर्षं म्हशीऐवजी जुनी ॲम्बॅसडर उभी होती आणि म्हैस बाहेर ताडपत्रीखाली. भाडेकरू कधी निघतोय, अशा नजरेनं ती रोज आत डोकवायची. फुलाबाईनं नवऱ्याला दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती. गाडी सुरू झाली तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात आणि म्हैस आत. दसरा उद्यावर आला होता.

आणि गॅसकेट एकच होती. खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधे बसणारा हा पातळ पत्रा एकदा पुरता दाबला गेला की पुन्हा कामाचा राहत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात ती सापडल्यापासून चिमाजीनं ती देव्हाऱ्यात ठेवली होती, गणपतीच्या मागं.

हेड उचलू लागायला कापूरहोळचा गोरख मिस्त्री आला होता. दोघं ओट्यावर चहा पिऊन आत आले. चिमाजीनं गॅसकेट तान्ह्या पोरासारखी अलगद ठेवली. गोरखनं श्वास रोखून धरला. हेड खाली आलं.

पंगतीत मधूनच वाढायला घेतलं तर भांडणं होतात. हेडचे नट मात्र मधूनच आवळत कडेला जावं लागतं. पहिली फेरी हलक्या हातानं झाली. दुसऱ्या, खऱ्या फेरीसाठी चिमाजीनं लांब पाना उचलला, तेवढ्यात फुलाबाई कप न्यायला दारात आली.

"अवं, सुपारी नीट ऱ्हायली न्हवं?"

"कसली सुपारी?"

"ओटीची."

पाना हवेतच थांबला. "कुणाच्या ओटीची?"

"हिच्या." फुलाबाईनं इंजिनाकडं बोट केलं. "तुमी चहाला गेला तवा भरली. चार भोकं हुती. हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. येकेकात येक."

गोरखनं शांतपणे विचारलं, "आन् नारळ, वहिनी?"

"मावंना."

"तांदूळ?"

"न्हाई टाकलं. कुठंतरी अडकायचं."

म्हणजे इंजिनाची काळजी तिलाही होतीच.

"अगं, पण का?" चिमाजीचा आवाज फाटला.

"दोन वरसं घरात ठिवलीत. माझ्याशी बोलला नसाल तेवढं हिच्याशी बोललात. सवत म्हना न्हाईतर काय बी म्हना. पण उद्या भाईर पडायची, तर रिकाम्या ओटीनं कशी धाडू?"

चिमाजीनं नट सोडवायला घेतले, आता कडेकडून मधे. हेड वर आलं. हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम आपापल्या जागी निवांत बसले होते.

त्यानं गॅसकेट दोन बोटांत धरून दारातल्या उजेडात नेली. म्हशीनंही मान पुढं केली. कडेकडेनं बोट फिरवून पाहिलं.

"गेली का वं?" फुलाबाईनं विचारलं. कप तिच्या हातातच होते.

"हाय. जित्ती हाय."

तिनं कप खाली ठेवले आणि ओटी पदरात काढून घेतली. दुसऱ्या खेपेला चिमाजीनं बॅटरी मारून चारी भोकं पाहिली. मग गोरखच्या टोपीखालीही पाहिलं.

दसऱ्याला सकाळी गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. ती गोठ्याबाहेर येते न येते तोच म्हैस कुणी न हाकता आत जाऊन उभी राहिली.

झेंडूची माळ झाली, कुंकू झालं. गाडीत पुढच्या सीटवर फुलाबाईनं नारळ ठेवला, शेजारी ते चार जिन्नस मांडले आणि स्वतः मागचं दार उघडलं.

"मागं कुठं?" चिमाजी म्हणाला.

"पुढं तिची ओटी हाय."

"वेल्ह्यापतुर जायाचंय, तुझ्या माह्यारी. वाटंत हिच्याशी काय बोलू? समदं बोलून झालंय."

फुलाबाईनं मागचं दार लावलं, पुढचं उघडलं, नारळासकट सगळं आपल्या पदरात घेतलं आणि बसली.