पलीकडचं टोक

सुताराने खिडकीच्या चौकटीचं माप वर घेतलं, मग मधोमध, मग खाली.

"घर जुनं झालं की खिडकी सरळ राहत नाही काकू," तो म्हणाला. "वर एक भरते, खाली एक. सगळ्यात कमी भरेल ते धरायचं, म्हणजे झडप अडत नाही. पण बाहेरून झडपा कशाला? पडद्यानं नसतं भागलं?"

"ऊन येतं," थोरली म्हणाली.

सुताराने बाहेर डोकावून पाहिलं. दोन घरांमधला बोळ इतका अरुंद, की त्यात ऊन कधी उतरलं असेल असं वाटेना. गिऱ्हाइकाचं ऊन गिऱ्हाइकालाच ठाऊक.

समोरच्या घराची खिडकी बरोबर या खिडकीसमोर होती. तिच्यात एक बाई बटाटे सोलत बसली होती. ती धाकटी, थोरलीची सख्खी बहीण. आईच्या आजारपणात दोघींत शब्दाला शब्द लागला, आणि आई गेल्यावर ते भांडण मिटवायला मध्ये कुणी उरलं नाही.

"समोर कोण राहतं?"

"राहतं कुणीतरी."

"तसं नाही, झडप उघडणार बाहेर. समोरच्या भिंतीला थडकायला नको. खाली गटार आहे, शिडी उभी राहायची नाही." त्याने टेप बाहेर सरकवली. टेप जुनी, पाठ मोडलेली. निम्म्या वाटेवर पट्टीने मान टाकली. पुन्हा सरकवली, पुन्हा तेच. थोरली काही म्हणायच्या आत त्याने समोरच्या खिडकीकडे हाक मारली, "ओ काकू, जरा एवढं टोक धरता का?"

धाकटीने सुरी खाली ठेवली, हात पुसले, बाहेर वाकून लोंबतं टोक धरलं आणि आपल्या भिंतीला टेकवलं.

"कशाचं माप?"

"या काकू झडपा करून घेताहेत. बाहेरून."

धाकटीने नुसती मान हलवली. थोरली पडद्याआड सरकली. बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. आता ही टोक सोडून देईल, असं तिला वाटलं. सोडलं असतं तर बरं झालं असतं. मग मनासारखं रागावता तरी आलं असतं.

सुताराने आकडा वाचला आणि हातातल्या फळकुटावर पेन्सिलीने लिहिला. "झालं काकू, सोडा."

धाकटीने सोडलं नाही.

"या झडपा मिटायच्या कशा?"

"सोपं आहे. खिडकीतून वाकायचं, हात लांब करून कडी धरायची आणि आत ओढायची."

"कुठल्या हाताने?"

"दोन झडपा, दोन हात," सुतार हसला.

"मग नाही जमायचं. तिचा उजवा हात खांद्यातून उचलत नाही. दोन-तीन महिने झाले, केससुद्धा डाव्या हाताने विंचरते. ओढायला म्हणून वाकली तर तोल जाईल तिचा. आतल्या आत, उभ्या उभ्या ओढता येईल असं काहीतरी बसवा. आणि डावीकडे बसवा."

सुताराने मागे वळून पाहिलं. थोरलीचा उजवा हात आपसूक पाठीमागे गेला होता. खांद्याचं तिने कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. लांब राहणाऱ्या मुलाला फोनवरही नाही. समोरची सारखी डोकावते, एवढंच तिला माहीत होतं. त्यासाठीच तर हा झडपांचा घाट.

ती पडद्यामागून पुढे आली.

"आणि तू गं? उठताना आधी भिंत शोधतेस हल्ली. गुडघा दाखवलास का कुणाला?"

"दाखवीन."

"दाखवीन म्हणजे कधी? पार अंथरुणाला खिळल्यावर?"

धाकटी बोलायला गेली आणि ओठ मिटून घेतले. लहानपणी रडू आवरताना ती असंच करायची.

सुतार एकदा इकडे बघत होता, एकदा तिकडे. हात अवघडला तरी त्याने टेप तशीच धरून ठेवली होती. शेवटी त्याने हळूच विचारलं, "मग काकू, झडपा करायच्या ना?"

"ती सांगतेय तशा करा," थोरली त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आणि मिस्त्री, जरा बाजूला व्हा. तुम्ही मध्ये उभे आहात, मला ती दिसत नाहीये."