बामची बाटली

"वहिनी, हिच्या तारा इतक्या उंच आहेत, की बार कॉर्ड वाजवायला पैलवानच पाहिजे," म्हणत मिरजेच्या त्या कारागिराने गिटारची दांडी आणि तारा यांच्या मधून अख्खी पेन्सिल सरकवून दाखवली. हेमांगी गिटार विकायला आली होती. एक बोट आडवं टाकून सहाही तारा दाबायच्या, तो कॉर्ड तिला अकरा वर्षांत एकदाही जमला नव्हता. सरावानंतर अंगठ्यापासून मनगटापर्यंत हात ठणकायचा. नवराच शिकवायचा, नवराच बाम चोळायचा. "तुझी बोटंच नाजूक गं. सोडून दे," असं मायेने म्हणायचा. शेवटी तिने सोडलं.

कारागिराने तारांखालची घोडी घासून बुटकी केली, तारा खाली घेतल्या आणि गिटार तिच्या हातात दिली. सवयीने दात आवळून तिने बोट आडवं टाकलं. पुरता जोर लावायच्या आतच सहाही तारा स्वच्छ बोलल्या.

"साहेबांच्या कसं लक्षात नाही आलं?" कारागीर नवलाने म्हणाला. "स्वतःची गिटार तर दर दिवाळीला माझ्याकडून अशीच करून नेतात."

तिने गिटार विकली नाही. घरी येऊन ती मांडीवर घेऊन बसली.

"पुन्हा घेतलीस? थांब, बाम आणतो," म्हणत नवरा उठला. तो बाटली घेऊन येईपर्यंत ती थांबली. मग तिने तोच कॉर्ड वाजवला.

"आता हात दुखत नाही," ती म्हणाली.

बाटलीच्या झाकणावरची त्याची बोटं तशीच राहिली. का दुखत नाही, हे त्याने विचारलं नाही.