आर्वोचं नवं वायसर

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही,” गाडीखालून आर्वो म्हणाला, “पण समुद्राच्या तळावरून गाडी हाकत नेलेला या अख्ख्या बेटावर मी एकटा.”

साल्मेला हसायचंही त्राण नव्हतं. सकाळपासून बर्फ उपसून तिचे खांदे भरून आले होते. गाडीखालचा पुठ्ठा तिनं ओढून काढला. तेलाचा डाग थाळीएवढा झाला होता.

उद्या समुद्रापलीकडे जायचं होतं. फेरीबोट धक्क्यालाच गोठून बसलेली, तेव्हा समुद्रावरचा बर्फाचा रस्ता तेवढा उरला. हापसालूच्या इस्पितळात तिची धाकटी बहीण एर्ना घरी यायला कपडे घालून बसणार होती. आणि बर्फावर थांबता येत नाही. सीटचा पट्टा सोडून ठेवायचा, खालची करकर ऐकायची आणि पुढे जात राहायचं. मध्येच इंजिन कोरडं पडलं तर जड गाडी एका जागी उभी, आणि खाली पाणी.

“जुनं तेल निथळलं सगळं,” आर्वो म्हणाला. “वायसरं दाखव.”

तिनं झाकणात वायसरं ओतून त्याच्या तोंडाशी धरली. पडल्या पडल्या तो बोटानं सारत राहिला. “फायबरचं नको, कडक झालंय. हे अ‍ॅल्युमिनियमचं चांगलं चेपतं, पण भोक मोठं. हे तांब्याचं घे. कोरं आहे. हातमोज्यात टाक, इथे पडलं तर बर्फ वितळल्यावरच सापडेल. आणि चुलीजवळचं तेल आण. तोवर मी तेल सोडायचा बोल्ट पुसतो.”

स्वयंपाकघरात सुपाच्या पातेल्याशेजारी तेलाचा डबा ऊन होत होता. साल्मे स्टुलावर टेकली. डोळे नुसते मिटते म्हणाली आणि उघडले तेव्हा सूप करपलं होतं.

ती परतली तेव्हा आर्वो बाहेर येऊन टायरला टेकून बसला होता. ओठ निळे.

“अगं, जर्मनीहून आणलंस का तेल? पाठ गोठली माझी. बोल्ट लावून मोकळा झालोसुद्धा.”

“नीट बसलं?”

“नवंकोरं वायसर, बसणार नाही तर काय! एक थेंब गळला तर माझी मिशी काप.”

तिनं नरसाळं धरलं. तो डबा तिरका करून ओतू लागला. ऊन तेल गटगट आत गेलं, आणि त्याची जीभही सैल झाली.

“तर काय सांगत होतो, त्या वर्षी मधोमध बर्फ फुटला. मी गाडीसकट खाली. इंजिन चालूच! हेरिंग मासे काचेला नाक लावून बघताहेत. मी हॉर्न वाजवला, सगळे बाजूला झाले. तळातळानं गाडी काढली ती थेट हापसालूला वर. इंजिनाचं तेलाचं चेंबर उघडून बघतो तर आत पाण्याचा एक टिपूस नाही. का? तर आदल्या दिवशीच असं नवं वायसर—”

“नवं होतं?”

“नवं म्हणजे कोरं करकरीत! याच्यासारखंच.”

डब्यातलं शेवटचं तेल आत गेलं. नरसाळं पुसायला साल्मेनं उजवा हातमोजा काढला. काहीतरी खाली पडलं, टिणकन वाजलं आणि गोल गोल फिरत दिव्याच्या उजेडात आडवं झालं.

आर्वोनं ते पाहिलं. तांब्याचं, कोरं वायसर.

साल्मेनं कोपऱ्यातलं रिकामं घमेलं पायानं गाडीखाली सरकवलं.

“समुद्राच्या तळाशी जाऊन आलास ना,” ती म्हणाली. “आता गाडीखाली जा.”